मुलाला घोड्यावर बसवण्यापूर्वी

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की छंदवर्गांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणे, कराटे, स्केटिंग या नेहमीच्या यादीत अलीकडे घोडेस्वारीचीही भर पडली आहे. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय चमूने घोडेस्वारीच्या ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. तब्बल ४१ वर्षांनी हा मान मिळाला आणि त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा हा तरुण होता. तेव्हापासून हौस वाढली असावी. दवाखान्यात मुलाचा ताप दाखवायला आलेले पालक जाता जाता विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरगा सहा वर्षांचा आहे, घोड्यावर बसवला तर चालेल ना?" बहुतेक वेळा हा प्रश्न विचारला जाईपर्यंत शिबिराची फी भरून झालेली असते.

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४२ साली स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब किंवा १९३७ पासून मुलांना घोडेस्वारी शिकवणारे नाशिकचे भोसला मिलिटरी स्कूल, अशी सोय आपल्याकडे पावलोपावली नाही. आपल्याला मिळतो तो एखाद्या शेतघरावरचा लहानसा तबेला, निवासी शाळेतला वर्ग, नाही तर लग्नसराई संपल्यावर रिकाम्या असलेल्या घोड्यांवर चालवलेले शिबिर. म्हणून निवड करण्याची जबाबदारी पालकांवर अधिक येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घोडेस्वारी हा उत्तम व्यायाम आहे. पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, बुजऱ्या मुलाला धीर येतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला व गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना आधार द्यावा लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरून त्यांनी ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यानंतर अपंग मुलांसाठी घोडेस्वारीचा उपचार म्हणून विचार जोमाने सुरू झाला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांचा बसण्याचा तोल त्यामुळे सुधारतो, पण हे काम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करायचे असते. घोड्यावर बसवले की मूल चालू लागेल, असे कोणी सांगितले तर त्याला पैसे देऊ नयेत.

वय किती असावे?

तीन-चार वर्षांच्या मुलाला घोड्यावर बसवून फोटो काढता येतो, त्याला शिकवता येत नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, मान नाजूक असते, त्यामुळे पडताना डोके खाली येण्याचा संभव जास्त असतो. शिवाय त्याचे पाय रिकिबीपर्यंत नीट पोचत नाहीत. माझ्या मते सहा वर्षांच्या आत फक्त चालत्या तट्टूवर, एका माणसाने लगाम धरलेला व दुसरा मुलाच्या बाजूने चालणारा, एवढेच करावे. रीतसर शिक्षण सात-आठ वर्षांपासून सुरू करावे. यात वयाच्या आकड्यापेक्षा एक साधी परीक्षा महत्त्वाची आहे. "थांब" म्हटल्यावर तुमचे मूल लगेच थांबते का? घरात थांबत नसेल तर घोड्याजवळही थांबणार नाही.

खेड्यातल्या आजोबा मंडळींना हे पटत नाही. "आमी त बिनाखोगिरानं घोडं पयवलं, आमाले काही झालं काय?" असे एकांनी मला ऐकवले. त्यांना काही झाले नाही हे खरे. ज्यांना झाले ते हे सांगायला दवाखान्यात येत नाहीत.

आधी मुलाची तपासणी

आपल्या विदर्भात सिकलसेल हा आजार बराच आढळतो आणि यवतमाळ जिल्हा त्याला अपवाद नाही. सिकलसेलच्या रुग्ण मुलाची प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असलेला अवयव, लहान वयात वाढलेली असू शकते. वाढलेल्या प्लीहेवर साधा मार बसला तरी ती फाटून आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यातच उन्हात घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले की सांधे व हाडे दुखण्याचा झटका येतो. अशा मुलाने डॉक्टरांनी पोट तपासल्याशिवाय घोड्यावर बसू नये. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात रक्ताची चाचणी करून घ्यावी. फक्त वाहक असलेल्या मुलाला सहसा अडचण नसते, मात्र पाणी भरपूर पाजावे. नुकताच हिवताप होऊन गेलेल्या मुलाचीही प्लीहा काही काळ वाढलेली असू शकते, तेव्हा त्याने महिनाभर थांबावे व पोट तपासून घेऊनच सुरुवात करावी.

फिट येणाऱ्या, रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या मुलांसाठी हा छंद नाही. फिट्स पूर्ण आटोक्यात असतील तर तज्ज्ञांशी बोलून ठरवावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे पहिले दोन मणके काही वेळा सैल असतात, म्हणून आधी मानेची तपासणी करून घ्यावी. दमा असलेल्या मुलाला घोड्याच्या अंगावरच्या कोंड्याची, कडब्याच्या व वाळल्या गवताच्या धुळीची ॲलर्जी असू शकते. अशा मुलाला पहिल्या दिवशी नुसते तबेल्यात अर्धा तास नेऊन आणावे. डोळे लाल झाले, शिंका सुरू झाल्या किंवा छातीत घरघर लागली तर उत्तर मिळाले. दम्याचा पंप बरोबर असावाच.

तबेला कसा पाहावा?

फी भरण्यापूर्वी एकदा मुलाला घरी ठेवून एकटेच जा, आणि तेही शिकवणी चालू असताना. मालकाशी बोलण्याआधी घोड्याकडे बघा.

घोडा हा मुळात भित्रा प्राणी आहे. ही त्याची निंदा नव्हे, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते, फक्त अगदी नाकासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. धोका वाटला की तो विचार करत बसत नाही, पळतो. आणि पळता आले नाही तर लाथ मारतो. रस्त्यावर उडणारी प्लास्टिकची पिशवी त्याला पुरते. शांत स्वभावाच्या, अनुभवी घोड्याला यातले बरेच काही सवयीने सहन होते. म्हणून नवशिक्यासाठी दहा-बारा वर्षांचा, पोक्त, शक्यतो खच्ची केलेला घोडा किंवा गरीब घोडी चांगली. दोन-तीन वर्षांचे उमदे शिंगरू आणि नवशिके मूल यांची जोडी लावणाऱ्या माणसाला हा धंदा कळत नाही, असे खुशाल समजावे.

उंचीचाही विचार हवा. साधारण ४ फूट १० इंचांपर्यंतच्या घोड्याला तट्टू म्हणतात. मोठ्या घोड्यावर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून सात फुटांवर जाते आणि त्या घोड्याचे वजन चारशे ते पाचशे किलो असते. मुलासाठी चार फुटांच्या आसपासचे तट्टू पुरे. आपल्याकडची भीमथडी तट्टे ठेंगणी, काटक व पायाने पक्की म्हणून नावाजलेली आहेत. पांढरा उंच घोडा फोटोत शोभतो, पण पडायचेच असेल तर बुटक्या तट्टूवरून पडलेले बरे.

आता खोगीर उतरवायला सांगा. हे सांगायला पालक संकोचतात, पण माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. घोड्याच्या पाठीवर किंवा तंग जिथे आवळतात तिथे जखम, सूज, केस गेलेले चट्टे असतील तर त्याच जागी तुमच्या मुलाचे वजन पडणार आहे. दुखऱ्या पाठीचा घोडा कितीही शहाणा असला तरी एखाद्या क्षणी उसळी घेतो, आणि मग लोक म्हणतात की घोडा बिथरला. बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला, लंगडणारा, नाल निखळलेला घोडा असेल तर तिथून परत फिरावे. ज्या मालकाला रोज दाणा देणाऱ्या घोड्याची पर्वा नाही तो दोन महिन्यांच्या विद्यार्थ्याची काय करणार? मोतद्दार खरारा करताना घोडा कान मागे पाडून दात दाखवतो की डोळे मिटून उभा राहतो, तेही पाहावे.

मग सामान. तंगाचा पट्टा व शिवण झिजलेली आहे का, रिकिबीचे चामडे तडकले आहे का, लगामाला सुतळीची गाठ मारून काम भागवले आहे का, हे साध्या नजरेलाही दिसते. मैदानाला कुंपण असावे, पण काटेरी तारेचे नसावे. जमीन मऊ मातीची किंवा वाळूची, दगडगोटे नसलेली असावी. शेजारून ट्रॅक्टर, मोटरसायकली जात असतील, मोकाट कुत्री मैदानात येत असतील तर ती जागा लहान मुलांच्या कामाची नाही. डांबरी रस्त्यावर पहिले धडे देणाऱ्याकडे तर पाठवूच नये.

शिक्षकाची पारख त्याच्या मिशांवरून करू नये. तो पहिल्या दिवशी काय करतो ते पाहावे. चांगला शिक्षक मुलाला आल्याआल्या वर बसवत नाही. आधी घोड्याजवळ बाजूने, खांद्याच्या दिशेने, बोलत कसे जायचे, मागून का जायचे नाही, गूळ किंवा गाजर बोटात न धरता उघड्या तळव्यावर कसे द्यायचे, हे शिकवतो. नंतर लांब दोरीवर घोडा गोल फिरवत मुलाला नुसते बसायला शिकवतो, दोरी त्याच्याच हातात असते. मुलाला खाली उतरायला आणि घोडा थांबवायला आधी शिकवतो, चालवायला नंतर. प्रत्येक नवशिक्या मुलामागे एक माणूस असतो. सहा मुले सहा घोड्यांवर आणि उस्ताद खुर्चीवर बसून मोबाईल पाहतो आहे, असे दिसले तर त्या जागेचे नाव किती मोठे आहे हे विचारू नका.

त्याला एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षात किती मुले पडली आणि तुम्ही काय केले? "आमच्याकडे कोणी पडतच नाही" हे उत्तर खरे नसते. घोड्यावर बसणारा माणूस कधी तरी पडतोच. जो शिक्षक कोण पडले, कसे पडले, कोणत्या दवाखान्यात नेले हे सांगतो तो विश्वासाचा.

वरातीचा घोडा

येथे थोडे विषयांतर, पण आपल्याकडे ते आवश्यक आहे. तुळशीचे लग्न झाले की पावसाळ्यापर्यंत जे घोडे वरातीत नाचतात त्यांच्यावरच काही ठिकाणी मुलांना शिकवले जाते. या घोड्यांना बँडची व गर्दीची सवय असते हा गुण झाला. परंतु त्यांना लगाम खेचल्यावर जागच्या जागी पाय उचलायला, मागच्या पायांवर उभे राहायला शिकवलेले असते. घाबरलेले मूल काय करते? लगाम खेचते. घोडा बिचारा शिकवल्याप्रमाणे वागतो आणि मूल मागे पडते. मालकाला स्पष्ट विचारावे की हा घोडा नाचवलेला आहे का.

वरातीत नवरदेवाच्या पुढ्यात लहान भाच्याला बसवण्याची हौसही याच प्रकारातली. समोर डीजे, बाजूला फटाक्यांची लड, नवरदेवाच्या एका हातात नारळ आणि कट्यार, मग मुलाला धरणार कोण? बसवायचेच असेल तर घोडा उभा असताना दोन मिनिटे बसवून फोटो काढावा व उतरवावे.

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा हे तिथले जुने वाहनच आहे. महाबळेश्वर, पाचगणीलाही मुलांना रपेट मारून आणण्याची रीत आहे. ती सहल आहे, धडा नव्हे. तिथेही घोडेवाल्याने लगाम सोडू नये, मुलाला एकट्याने पळवत नेऊ नये, एवढी अट आधीच घालावी.

टोपी, बूट व कपडे

घोडेस्वारीची कडक टोपी वेगळी मिळते. ती डोक्याच्या मागच्या बाजूसही खाली येते. आतील चिठ्ठीवर ए.एस.टी.एम. एफ-११६३ किंवा पास ०१५ असे मानक छापलेले असले तर ती खरी. मखमल लावलेली नाटकातली टोपी उपयोगाची नाही. मोटरसायकलचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट मुलाच्या मानेला जड होते, ते वापरू नये. स्वारीची टोपी मिळेपर्यंत सायकलचे हेल्मेट उघड्या डोक्यापेक्षा बरे, पण तेवढ्यावर घोडा पळवायचा नाही. टोपी भुवयांच्या वर दोन बोटे बसावी, हनुवटीचा पट्टा लावून मुलाने मान हलवली तरी ती सरकू नये. तबेल्यातली एकच टोपी दहा मुले आळीपाळीने घालत असतील तर उवा व गजकर्णही आळीपाळीने मिळतात. स्वतःची घ्यावी. जोरात आपटलेली टोपी वरून चांगली दिसली तरी बदलावी.

पायात टाच असलेला, पाऊल झाकणारा बूट हवा. चपलेचे किंवा सपाट तळव्याच्या बुटाचे पाऊल रिकिबीतून आरपार जाते, आणि मूल पडले तर पाय अडकून घोड्याबरोबर फरफटत जाते. स्वारीतले सर्वांत भयंकर अपघात हे असेच होतात. याच कारणासाठी मुलाला खोगिराला दोरीने कधीही बांधू नये आणि लगाम हाताला गुंडाळू देऊ नये. ओढणी, गळ्यातला दोरा, कानातले डूल घरी ठेवावेत. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता शिकवणी सकाळी आठच्या आत संपलेली बरी.

लीद, चावा आणि शेंबूड

धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदेत व तबेल्याच्या मातीत असतात. म्हणून लस पूर्ण झालेली असणे ही पहिली अट. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, दीड वर्षाला व पाच वर्षांना त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी दिली जाते. पाच वर्षांची मात्रा पुष्कळ घरी राहून जाते. लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. मातीने भरलेली खोल जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल तर पुन्हा मात्रा घ्यावी.

घोडा चावला तर तो पाळीव आहे म्हणून सोडून देऊ नये. पिसाळलेले कुत्रे घोड्याला चावले असेल तर घोड्यालाही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना काही भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजप्रतिबंधक लसीबाबत विचारावे.

ज्या घोड्याच्या नाकातून घट्ट स्राव वाहतो आहे, अंगावर गाठी येऊन फुटल्या आहेत, त्याच्याजवळ मुलाला नेऊ नये. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा आजार माणसालाही होऊ शकतो व तो घातक असतो. २००६ साली पुणे व पाचगणी भागातील घोड्यांत तो आढळला होता. त्याविषयीचा कायदा तर १८९९ सालीच झाला होता. या आजारासाठी घोड्यांच्या रक्ताची तपासणी होते. मालकाकडे पशुवैद्यकाचा दाखला मागावा. प्रामाणिक मालकाला त्यात राग येण्याचे कारण नाही. तबेल्यातून आल्यावर काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, हे वेगळे सांगायला नकोच.

जाता जाता सांगतो, शेतात सर्पदंश झाल्यावर जी प्रतिविषाची लस आपल्याकडे टोचतात ती घोड्याच्याच रक्तापासून बनते. हाफकिन संस्था त्यासाठी पिंपरीला घोडे पाळत आली आहे.

पडल्यावर

मूल पडले की धावत जाऊन त्याला उचलून उभे करणे ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. ती आवरावी. आधी घोडा दूर करावा. मुलाला पडल्या जागी राहू द्यावे, हाक मारावी, हातपाय हलतात का विचारावे. मान दुखते, हातापायांना मुंग्या येतात किंवा ते हलत नाहीत असे असेल तर डोके-मान धरून स्थिर ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जीपच्या मागच्या बाकावर कोंबून नेऊ नये.

हातावर पडून कोपर सुजले तर हाडवैद्याकडे नेऊन चोळू नये, घट्ट बांबूच्या पट्ट्या बांधू नयेत. मुलांत कोपराच्या वरचे हाड मोडते, तेव्हा त्याच्या पुढून जाणारी रक्तवाहिनी दबू शकते. बोटे थंड, फिकट पडली किंवा बोटे सरळ करताना मूल किंचाळू लागले तर काही तासांचाच अवधी असतो. त्यात उशीर झालेला हात पुढे आयुष्यभर आखडलेला राहतो. मी असे हात पाहिले आहेत, बहुतेक चोळून आलेले.

पोटावर लाथ बसली तर वरून खरचटलेलेही दिसणार नाही आणि मूल तासभर खेळेलही. यकृत किंवा प्लीहेतला रक्तस्राव हळूहळू होतो. मूल फिकट पडणे, नाडी जलद होणे, पोट कडक होणे, डावा खांदा दुखत असल्याची तक्रार, यांपैकी काहीही दिसले तर सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. माझा सल्ला असा की पोटावर लाथ बसलेल्या प्रत्येक मुलाला, लक्षण असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे चोवीस तास डोळ्यांत तेल घालून पाहावे. क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, पुन्हापुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बडबड, झटके, चालताना झोक जाणे, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा पातळ स्राव येणे, यांपैकी एक जरी लक्षण असले तरी सीटी स्कॅनची सोय असलेले ठिकाण गाठावे. मूल झोपले तर झोपू द्यावे, पण दर दोन तासांनी उठवून नाव, गाव विचारावे.

स्वार लोकांत एक जुनी समजूत आहे की पडलेल्याला लगेच पुन्हा घोड्यावर बसवावे, नाही तर भीती कायमची बसते. गुडघा खरचटला असेल, मूल हसत असेल आणि स्वतःहून बसायला तयार असेल तर ही समजूत ठीक आहे. डोके आपटले असेल तर मुळीच नाही. त्या दिवशी स्वारी बंद. डोकेदुखी, चक्कर पूर्ण जाऊन मूल शाळेत व अभ्यासात पूर्ववत झाले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की मगच, आणि तेव्हाही प्रथम लांब दोरीवर, चालत्या तट्टूवर. मधल्या दिवसांत त्याला तबेल्यात न्यायला हरकत नाही. घोड्याला खरारा करू द्यावा, गाजर देऊ द्यावे, भीती त्यानेही जाते.